अर्ध्या गावाचा माणूस

आमच्या कामात पेशंट चालायला लागला की पेढे फिजिओथेरपिस्टला मिळतात, बोलायला लागला की नारळ मारुतीपुढे फुटतो, आणि घरात कटकटी सुरू झाल्या की माझं नाव निघतं. इतकी वर्षं नोकरी केली, पण मला कुणी पेढे दिल्याचं आठवत नाही. चहा मात्र रग्गड मिळाला. बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर ज्याने चहा घेतलाय, त्याला आमच्याकडे साखर कारखाने एवढे कशाला, हे वेगळं सांगायला नको.

मी मानसशास्त्रज्ञ. निवृत्त झाले त्याला फार दिवस झाले नाहीत. बीडमधली एक छोटी संस्था, एक जुनी जीप आणि मूठभर माणसं, एवढा आमचा कारभार. कुणाला लकवा मारलाय, कुणाच्या डोक्याला मार लागलाय, कुणाच्या मेंदूत गाठ निघून ऑपरेशन झालंय, अशा लोकांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा रोजच्या जगण्यात बसवायचं, हे आमचं काम. मेंदूचे डॉक्टर मोठ्या शहरांत असतात. ते जीव वाचवतात, त्यांचे उपकार आहेतच. पण जीव वाचल्यावर माणूस गाडीत घालून गावी आणला जातो, आठवडाभर सोयरेधायरे भेटून जातात, आणि मग ते घर एकटं पडतं. आम्ही तिथून पुढचे.

त्यातही माझं काम समजावून सांगणं कठीण. आमचा फिजिओ सय्यद हात-पाय हलवून घेतो, ते लोकांना दिसतं. मी समोर बसून गप्पा मारते, चित्रं दाखवते, ज्वारीत मिसळलेले हरभरे निवडायला लावते. शहरातून छापून आलेल्या चाचण्यांत लिफ्ट आणि समुद्रकिनारा असायचा, ते मी कधीच बाजूला ठेवलं. आज वार कोणता, असं विचारल्यावर एखादी म्हातारी "वडवणीचा बाजार झाल्याचा दुसरा दिस" म्हणाली, तर मी तिला पैकीच्या पैकी गुण देते. हे सगळं चाललेलं असताना घरातल्या बाया लांबून बघत बसतात आणि शेवटी हळूच सय्यदला विचारतात, या बाई नेमकं काय करत्यात? एकदा त्याने वैतागून उत्तर दिलं, ते मला आवडलं. म्हणाला, "हात-पाय मी परत आणतो. माणूस परत आला का न्हाई, ते मॅडम बघत्यात."

माणूस दर वेळी परत येतोच असं नाही. मेंदूचा घाव बाहेरून दिसत नाही, हीच त्याची खोड. पाय ओढत चालणाऱ्याला लोक वाट करून देतात. पण ज्याच्या मेंदूतला राग आवरणारा भाग गेला, किंवा ज्याला आपणहून कुठलंही काम सुरूच करता येईना, त्याला गाव माजलाय म्हणतं, आळशी म्हणतं, बायकोनं काहीतरी चारलं म्हणतं. माझा निम्मा वेळ पेशंटपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांना समजावण्यात गेला.

एक अण्णा होते. मोठे बागायतदार, माजलगाव भागात चांगलं वजन असलेले. मांजरसुंब्याच्या घाटात त्यांची गाडी उलटली आणि कपाळामागच्या मेंदूला मार बसला. बरे झाले, हिंडायला-फिरायला लागले, आणि मनात येईल ते बोलायला लागले. लग्नात नवऱ्या मुलाच्या बापाला भर मांडवात सांगितलं की तुझी जमीन बघून सोयरीक झाली, तुझं पोरगं बघून नव्हे. बंद खोलीत ठरलेलं चावडीवर सांगून टाकलं. कार्यकर्ते घाबरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, अण्णांना पहिल्यासारखं करा. मी विचारलं, पहिल्यासारखं म्हणजे कसं? त्यातल्या एका वयस्कर कार्यकर्त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "म्हंजी मनातलं मनात राहील, असं." आम्ही सगळेच हसलो. आत अण्णांची बायको बसली होती, ती हसली नाही. अण्णांनी सुनांसमोर तिलाही मनातलं ऐकवलं होतं. तिने मला एवढंच विचारलं, की हे आजार बोलतोय का हे बोलत्यात? या प्रश्नाला मी आयुष्यभर उत्तरं देत आले, आणि एकही उत्तर देऊन मला बरं वाटलं नाही.

पण हे लिहायला बसले ते अंकुशसाठी.

आधी एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम गावात येऊन विचारतो, औंदा किती कोयते? म्हणजे किती जोड्या. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी विचारत नाही. लग्नं जमवतानाही ही गोष्ट बघतात.

अंकुश आणि मंगल हा वडवणीच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या एका गावातला कोयता होता. चांगला नावाजलेला. त्यांचं काम बघायला उसाच्या फडातली इतर माणसं थांबायची असं त्याची आई सांगायची, आणि आई लोक वाढवून सांगतात हे गृहीत धरलं तरी त्यात तथ्य असावं. अंकुश उजव्या हाताने बुडख्याशी घाव घालायचा, शेंडा उडवायचा आणि ऊस डाव्या अंगाला टाकायचा. मंगल त्याच्या डाव्या बाजूला वाकून ऊस गोळा करायची, मोळी बांधायची. लग्न झाल्यापासून ती तिथेच. दोघांनी एकमेकांकडे न बघता अख्खा फड साफ करायचा, इतकी सवय.

चैत्रात त्याच्या अंगावरून वारं गेलं. लकव्याला आमच्याकडे असंच म्हणतात. पस्तिशीचा गडी, रक्तदाब कधी कुणी मोजलाच नव्हता. डावा हात, डावा पाय लुळा पडला. शहरातल्या दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याला उचलून बाजेवर ठेवावं लागलं. सय्यदने त्याच्यावर जीव तोडून मेहनत घेतली, आणि अंकुशनेही घेतली. पोळ्यापर्यंत तो बिनकाठीचा चालायला लागला. डाव्या हाताची पकड अशी आली, की त्याने माझा हात दाबून दाखवला तेव्हा माझी अंगठी बोटात रुतली. त्याच्या म्हाताऱ्या आईने पेढे वाटले. सय्यदला, अर्थातच.

त्याच दिवशी मंगलने मला गोठ्याशी गाठलं. तशी ती कमी बोलणारी. म्हणाली, की हात-पाय आले ते खरं, पण घरात रोज भांडण होतंय. जेवायला बसलं की हे म्हणतात, कोरड्यास कावून दिलं न्हाई? आणि कोरड्यास, म्हणजे भाजी, तर ताटातच असते. भाकरी निम्मी खातात आणि आणखी मागतात. दाढी एका गालाची करतात. शेजारचा चुलता बाजेच्या डाव्या बाजूला बसून हाका मारतो, हे बघतही नाहीत, चुलता रागावून गेला. घरच्यांनी त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन चष्मा करून आणला होता. चष्मा घालून अंकुश पुन्हा निम्मीच भाकरी खायला लागला.

मी आत जाऊन त्याच्या ताटाकडे बघितलं. भाकरी मधोमध कापल्यासारखी. डाव्या बाजूला वांग्याची भाजी तशीच. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. अंकुशने भाजीकडे बघितलं आणि मंगलकडे मान करून म्हणाला, "आता कावून वाढलीस? मघाशी मागितली तवा न्हाई म्हणलीस."

त्याचे डोळे चांगले होते. गेलं होतं ते डावीकडचं भान. उजव्या मेंदूला इजा झाली की काही जणांचं असं होतं. त्यांना डावी बाजू अंधारी दिसत नाही, धूसर दिसत नाही. ती नसतेच. जे नाहीच, ते कुणी शोधायला जात नाही.

मी त्याला डोळे मिटायला सांगितलं. म्हटलं, गावाच्या वेशीत उभा आहेस, मारुतीकडे तोंड आहे, चालायला लाग आणि लागतील ती घरं सांग. त्याने धडाधड सांगितली. किराणा दुकान, गिरणी, सुताराचं घर, अंगणवाडी. सगळी उजव्या हाताची. मग म्हटलं, आता मारुतीला पाठ कर आणि वेशीकडे परत ये. आता त्याने दुसऱ्या बाजूची घरं सांगितली, आणि त्यात एक त्याचं स्वतःचं होतं. जाताना ते त्याला लागलंच नव्हतं. मंगल दारात उभी राहून ऐकत होती. स्वतःच्या घरावरून नवरा असा पुढे निघून गेल्याचं तिने ऐकलं, आणि ती आत निघून गेली.

याहून अवघड गोष्ट पुढेच होती. अंकुशला वाटत होतं, आपल्याला काही झालेलं नाही. हा खोटेपणा नव्हे, हट्टही नव्हे. आपलं काय बिघडलंय हे सांगणारा जो भाग, तोच त्याच्या मेंदूत दुखावला होता. घरातल्या राखणदारालाच मार बसल्यावर चोरीची खबर कोण देणार? मी डावीकडे लाल फडकं बांधायला लावलं, लाल दिसेपर्यंत मान वळवायची असं शिकवलं. सांगितलं की तो वळवायचा, पाहुण्याचं मन राखावं तसं. मी गेले की विसरायचा.

आणि त्याला फडात जायचं होतं. मुकादमाला दसऱ्याच्या आत शब्द द्यायचा होता. दोन पोरं आजीजवळ राहून शिकत होती, पिकणारी जमीन नावाला, आणि हंगाम सोडला तर वर्षभर खायचं काय? अंकुशच्या मते प्रश्नच नव्हता. हात आला, पाय आला, कोयता तयार. मंगलच्या डोळ्यांसमोर मात्र एकच चित्र होतं. फडात ती त्याच्या डाव्या बाजूला वाकलेली, आणि त्याच्या हातात धारेचं हत्यार.

ती मला म्हणाली, "बाई, मी नको म्हणलं तर नवऱ्याला टाकून द्यायला निघाली म्हणतील. त्यांनाबी तसंच वाटंल. तुमी म्हणा."

मी म्हटलंही. अंकुशने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मोठ्या डॉक्टरांनी सुट्टी दिली, सय्यदभाईनं पाय पळवून बघितला, मग तुम्ही अडवणाऱ्या कोण? म्हातारी म्हणाली, मंगलच्याच मनात नसेल. मंगलच्या जागेची अदलाबदल करून बघू, ती उजवीकडे राहील, असं मी सुचवलं. अंकुश हसला. म्हणाला, मग ऊस कुठं टाकू, तिच्या डोक्यात? काम अंगात भिनलेलं असतं, ते जागा बदलत नाही. आणि फडात एकच बाई नसते. त्याच्या डावीकडे कुणी ना कुणी असणारच होतं.

शेवटी मी आणि सय्यदने ठरवलं, की याला सांगायचं नाही, दाखवायचं. बांधाला जनावरांसाठी पेरलेलं कडवळ उभं होतं. त्याचा एक पट्टा अंकुशने तोडायचा, डाव्या बाजूला भुसा भरलेली एक गोणी उभी करायची, सय्यद मागे थांबेल. गोणीवर मी चुन्याची एक रेघ ओढणार होते, एवढंच. मंगल घरात गेली आणि सदरा घेऊन आली. उसाची पानं हात कापतात, म्हणून फडात बाया साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा घालतात. तिचा सदरा म्हणजे अंकुशचाच जुना, निळ्या चौकड्यांचा. तिने तो गोणीला चढवला, बाह्या पुढे ओढून घेतल्या, आणि गोणी अशी तिरकी केली की कुणीतरी वाकल्यासारखं दिसावं. मी तिला थांबवलं नाही. थांबवावं असं वाटलं होतं, हेही खरं.

अंकुश तोडायला लागला. किती दिवसांनी कोयता हातात आला होता, त्याचं तोंड फुललं होतं. काय तो हात, काय ती लय. म्हातारीने वाढवून सांगितलं नव्हतं. तो सरकत सरकत डावीकडे आला, हात फिरला, आणि कोयता सदऱ्याच्या बाहीतून गोणीत गेला. गोणी कलंडली. भुसा सांडला. त्याला पत्ता नव्हता. त्याने कोयता ओढून घेतला, उजवीकडची उरलेली धाटं तोडली, कपाळ पुसलं आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "बघा. झालं का समाधान?"

निम्मा पट्टा तसाच उभा होता. मी त्याला बांधावरून फिरवून पलीकडच्या टोकाला नेलं आणि तोंड आमच्याकडे करून उभं केलं. आता त्याचं डावं ते उजवं झालं.

आधी त्याला उभं कडवळ दिसलं. हे कुणी ठेवलं, म्हणाला. मग गोणी दिसली. तो तिच्याकडे चालत गेला, उकिडवा बसला. सदरा ओळखला. फाटलेल्या बाहीत त्याने बोटं घातली, ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली. त्याने मान वर करून मंगलला शोधलं, तिला जवळ बोलावलं, तिचा हात धरला, आणि बांगड्या वर सारून मनगटापासून कोपरापर्यंत बघितला. उलटा करून बघितला. मग दुसरा बघितला. कोयता तिथेच ठेवून तो घराकडे चालू लागला, आणि त्याने तो पुन्हा तोडणीसाठी कधीच हातात घेतला नाही.

आमच्या शास्त्रात याला प्रगती म्हणतात. पेशंटला स्वतःच्या आजाराची जाण आली, म्हणजे उपचार लागू पडला. त्या दिवशी परतताना सय्यद जीप चालवत होता आणि मी वहीत तेच लिहिलं.

पुढच्या खेपेला गेले तर अंकुश भिंतीकडे तोंड करून पडलेला. दाढी वाढलेली, दोन्ही गालांची. मंगल बाहेर आली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "आधी आर्धी तरी खायाचे," ती म्हणाली. "आता भाकरीला शिवत न्हाईत."

पुस्तकात लिहिलेलं असतं, की जाण आल्यावर उदासी येते, काळजी घ्यावी. मीही नवीन मुलांना हे शिकवलंय. पण ज्या घरात ती उदासी आणून ठेवली, त्या घराच्या ओसरीवर बसणं निराळं. मी जात राहिले. त्याच्या उजव्या हाताला बसायची, गप्पच बहुतेक. डॉक्टरांकडून गोळ्या सुरू करून घेतल्या, त्यांचा थोडा उपयोग झाला. त्याने एक दिवस आपणहून विचारलं, की डावं परत येईल का? मी म्हटलं, थोडं येईल, मान वळवायची सवय लागेल तसं आणखी येईल, पण सगळं येईल असं मी सांगणार नाही, आणि या हंगामात तर नाहीच.

त्याने कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं. मग म्हणाला, "मला ठावंच नव्हतं तर कावून दावलं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. म्हटलं, "मंगलचा हात वाचावा म्हणून."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

इकडे दसरा झाला. अंकुशचा धाकटा भाऊ बालाजी, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणजे तोही अर्धा कोयता. मुकादमाने सरळ हिशोब मांडला, की बालाजी आणि मंगल मिळून एक कोयता होतो. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि तसं वावगं नव्हतंही. दीर-भावजयीचे कोयते असतात. पण नवरा घरात धडधाकट बसलेला आणि बाई दिराबरोबर फडात, हे गावाला पचत नाही. पारावर बोलणी सुरू झाली. म्हातारीने दोन दिवस चूल पेटवली नाही. बालाजी बिचारा भावाच्या समोर यायचं टाळायला लागला. मंगलने मला काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. ते सांगणं माझ्या हातातलं नव्हतं. त्या घरात एकाच माणसाने तोंड उघडलं असतं तर सगळे सुटले असते, आणि तो भिंतीकडे बघत होता.

आज अंकुश बरा आहे, हे मध्येच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागेल. शेळ्या राखतो. मान वळवायची सवय त्याला खरोखरच लागली. तरी एखादी शेळी डावीकडे पांगली की संध्याकाळी शोधाशोध होते आणि पोरं हसतात, तोही हसतो. मंगल अजून हंगामाला जाते. त्या दोघांचा कोयता मात्र मोडला तो मोडलाच. माझ्या नोकरीत मी बरीच माणसं जोडून दिली असं लोक म्हणतात. ही एक जोडी मी सोडवली.

दिवाळी झाल्यावर गाड्या निघाल्या त्या दिवशी मी सय्यदला घेऊन मुद्दाम गेले होते. काही काम नव्हतं. वेशीत ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, त्यात गोधड्या, भांडी, पत्र्याच्या पेट्या, कुणाच्या कोंबड्या. आठ दिवसांपासून अंकुश उठून बसत होता, जेवत होता, पण बोलत नव्हता. मंगलचं बोचकं बालाजीने वर चढवलं आणि तो लगेच लांब जाऊन उभा राहिला. सगळं गाव होतं. लोक बोलत नव्हते, बघत होते, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मंगल सगळ्यांच्या पाया पडली. निळ्या चौकड्यांचा सदरा तिच्या अंगात होता, बाहीला ठिगळ लावलेलं. नवऱ्याला भेटायला ती घरी जाऊन आली होती, तो गोठ्याकडे तोंड करून बसलेला होता म्हणे, उठला नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा गर्दी फाकली आणि अंकुश आला. हळू चालत, दर चार पावलांवर मान डावीकडे वळवत, मी शिकवलं होतं तशी. हातात त्याचा कोयता होता, नुकती धार लावलेला. बायांनी पोरं मागे ओढली. म्हातारी "आरं आरं" करत पुढे झाली, सय्यदनेही पाऊल उचललं. अंकुश कुणाकडे न बघता बालाजीपुढे जाऊन थांबला. बालाजीची मान खाली. अंकुशने कोयता उलटा करून, मूठ त्याच्याकडे करून पुढे धरला.

"ती डाव्या अंगाला असती," तो म्हणाला. "तिकडं बघत जा."

सगळ्यांना ऐकू गेलं. बालाजीने दोन्ही हातांनी कोयता घेतला आणि कसाबसा "व्हय दादा" म्हणाला. म्हातारीने डोळ्याला पदर लावला. पारावरच्या माणसांतला एक उठला आणि ट्रॉलीत राहिलेलं सामान चढवू लागला, मग आणखी दोघं उठले. ट्रॉलीच्या कडेवर पाय ठेवलेली मंगल तशीच थांबली होती. ती वर चढली, गोधड्यांवर बसली, आणि एवढ्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा मोठ्याने रडताना ऐकलं. तिला कुणी गप्प केलं नाही.